मुक्काम लुईस माउंटन

भाड्यानं घेतलेल्या आरव्हीची उंची ११ फूट. हा आकडा मी सकाळपासून घोकत होतो. व्हर्जिनियातल्या स्कायलाइन ड्राइव्हवर बत्तिसाव्या मैलाला मेरीज रॉकचा बोगदा लागतो, त्याची उंची १२ फूट ८ इंच. आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. छत घासलं तर डिपॉझिट गेलंच.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. साताऱ्याहून आलेली आई शेजारी बसली होती. शेनँडोआ नॅशनल पार्कमधून डोंगरमाथ्यावरून जाणारा हा १०५ मैलांचा रस्ता. हिकरी पिवळीजर्द, मेपल लालभडक, ओक तांबूस. वेगमर्यादा ताशी ३५ मैल, त्यामुळे पानं बघत सावकाश जायचं.

पाचव्या मैलाच्या आसपास आम्ही फॉक्स हॉलोची पायवाट चाललो. झाडीत हरणं चरत होती. मी फोटो काढत होतो, आई मात्र खाली बघत होती. दगड वेचून रचलेले ढीग, गडग्यासारखी लांब भिंत, पुढे छोटी दफनभूमी.

"अरे, इथं शेती होती," ती म्हणाली. "माणसं कुठं गेली?"

मला उत्तर येत नव्हतं. संध्याकाळी मोबाइलवर वाचत बसलो.

हे रान मुळातलं अस्पर्श नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या शेती, गुरं, सफरचंदाच्या बागा होत्या. १९२८मध्ये व्हर्जिनियानं पार्कसाठी सक्तीच्या भूसंपादनाचा कायदा केला. पाचशेहून जास्त कुटुंबांना उठावं लागलं. जमीनमालकांना मोबदला मिळाला; दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्यांना जमिनीचे पैसे मिळायचा प्रश्नच नव्हता. काहींना खालच्या सरकारी वसाहतींत घरं मिळाली. मंदीच्या काळात सरकारी कामावर घेतलेल्या बेकार तरुणांनी इथे झाडं लावली, रस्त्याचे कठडे बांधले आणि रिकामी घरं पाडली. शिकारीमुळे जवळपास संपलेली हरणं १९३०च्या दशकात बाहेरून आणून सोडली. ३ जुलै १९३६ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बिग मेडोजला पार्कचं लोकार्पण केलं. काही वृद्धांना मरेपर्यंत राहू दिलं होतं. त्यांतल्या शेवटच्या, ॲनी शेंक, १९७९मध्ये वारल्या.

म्हणजे सकाळी आम्ही ज्या हरणांवर खूश झालो, त्यांना परत आणलं होतं. माणसांना मात्र घालवलं होतं.

मग आमच्या मुक्कामाच्या जागेबद्दल वाचलं आणि पोटात गोळा आला. लुईस माउंटन, ५७.५वा मैल. लहानसं, शांत, म्हणून मी ते निवडलं होतं. १९३९मध्ये ते खास कृष्णवर्णीयांसाठी उघडलं होतं. व्हर्जिनियात तेव्हा वर्णभेद कायद्यानं चालायचा, आणि केंद्र सरकारच्या पार्कनंही तो पाळला. पाटीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असायचं. राष्ट्र सगळ्यांचं, पार्क सगळ्यांचं, तंबू मात्र वेगळे. पुढे हळूहळू नियम सैल होत गेले आणि १९५०पर्यंत पार्कमधला हा भेद पूर्ण संपला.

१९३९ साली आम्ही दोघं इथे आलो असतो तर नाक्यावरच्या माणसानं आमच्याकडे बघून कुठला रस्ता दाखवला असता?

आईला हे सगळं सांगितलं. ती गॅसवर पिठलं ढवळत होती. जरा वेळ गप्प राहिली.

"आपल्याकडेही पाणवठे वेगळे होतेच की," ती म्हणाली. "आमच्या गावात तर मी डोळ्यांनी बघितलेत."

यावर मला बोलता येईना.

सकाळी दार उघडलं तर समोरच्या ओकखाली एक हरणी उभी होती. शेजारच्या गाडीतले कृष्णवर्णीय आजोबा कॉफीचा मग घेऊन तिच्याकडे बघत होते. आईनं त्यांना हात केला, त्यांनीही केला.

"आज पुढं जायचंय ना?" मी विचारलं.

"राहू की अजून एक दिवस," आई म्हणाली. "इथंच."