डोळे शाबूत, तरी वाचता येईना

म्युनिकहून एस-१ लोकल फ्रायझिंगकडे निघाली की वाटेत उंटरश्लाइसहाइम लागतं. दक्षिण बवेरियातल्या अंध आणि अधू दृष्टीच्या मुलांचं शिक्षण केंद्र इथे आहे. त्या मुलांना छापील अक्षर वाचणं का जड जातं, हे कुणालाही कळतं. पण डोळे ठणठणीत असून ज्यांना वाचता येत नाही, त्यांचं काय? जर्मन लोक याला 'लेगास्थेनी' म्हणतात, आपण डिस्लेक्सिया. गंमत म्हणजे डिस्लेक्सिया हा शब्दसुद्धा जर्मनीतच घडला, आणि तोही डोळ्यांच्या डॉक्टरच्या हातून!

श्टुटगार्टच्या रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ साली त्यावर पुस्तिका लिहिली. त्यांचे रुग्ण मेंदूच्या आजाराने वाचन गमावलेले प्रौढ होते. १८९६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी या १४ वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत छापली. त्याला कुठलाही आजार नव्हता, तरी साधे शब्द वाचता येत नव्हते. या दोषाला नाव पडलं 'शब्दांधत्व'. म्हणजे संशय नजरेवरच!

१९९१ मध्ये त्याला पुरावाही मिळाला. मार्गारेट लिव्हिंगस्टन, अल्बर्ट गालाबुर्डा आणि सहकाऱ्यांनी पाच डिस्लेक्सिक व्यक्तींचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. हालचाल टिपणाऱ्या दृष्टिमार्गातल्या मोठ्या पेशी त्यांत नेहमीपेक्षा लहान होत्या.

पण आधी कोंबडी की आधी अंडं? २०१३ मध्ये ग्विनिव्हिअर ईडन यांच्या गटाने डिस्लेक्सिक मुलांची तुलना समवयस्कांऐवजी, तेवढंच वाचू शकणाऱ्या लहान मुलांशी केली. मेंदूच्या त्या दृश्यभागातला फरक नाहीसा झाला! शिवाय ध्वनी आणि अक्षरांची जोडी शिकवल्यावर तिथली हालचाल वाढली. म्हणजे तो फरक बराचसा कमी वाचनाचा परिणाम असावा. आम्हा इंजिनिअर लोकांचीही अशी फसगत होते, लक्षणालाच कारण समजून आपण दुरुस्ती करत बसतो.

इथे किंमत मात्र मुलं मोजतात. बवेरियात २०१० साली बारावीच्या तोडीची आबिटूर परीक्षा दिलेल्या तिघांच्या प्रमाणपत्रांवर, त्यांचं शुद्धलेखन तपासलेलं नाही, असा शेरा होता. इतर अपंगत्वांसाठी दिलेल्या तशाच सवलतीचा शेरा तेव्हा मारला जात नसे. हा भेदभाव आहे, असा निकाल जर्मनीच्या घटना न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी दिला. बर्लिन यांच्या पुस्तिकेला तेव्हा १३६ वर्षं झाली होती.

आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया आला. पण "लक्ष नाही याचं अभ्यासात" म्हणून पाठीत धपाटा घालणं कायद्याने कसं थांबणार?