पार्टिशन व बॅकअप (घरगुती संगणक)

एकाच डिस्कचे स्वतंत्र भाग पाडणे म्हणजे पार्टिशन. फायलींची दुसऱ्या साधनावर प्रत ठेवणे म्हणजे बॅकअप. पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी आणि चाकण यांच्या मधे वसलेल्या मोशीसारख्या कामगारवस्तीत घरच्या संगणकावर मुलांचे फोटो, गृहकर्जाची कागदपत्रे आणि सुट्या भागांची ड्रॉइंग एकत्रच असू शकतात.

'सी' पार्टिशनमध्ये विंडोज आणि 'डी'मध्ये फायली ही मांडणी सोयीची आहे. विंडोज नव्याने टाकताना फक्त 'सी' फॉरमॅट केला, तर 'डी' शाबूत राहतो. मात्र 'डी'मधली प्रत हा बॅकअप नव्हे. डिस्कच गेली की दोन्ही जातात, आणि हाच गैरसमज सर्वांत महागात पडतो.

डिस्कवरील पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्राथमिक पार्टिशन करता येतात आणि सुमारे २ टेराबाइटपर्यंतचीच डिस्क वापरता येते. विंडोजवर नव्या जीपीटी पद्धतीत १२८ पार्टिशन शक्य आहेत. पार्टिशनचा आकार बदलण्याआधी बॅकअप घ्यावाच. वळिवाच्या पावसात मधेच वीज गेली, तर सगळे पार्टिशन वाचता न येण्याची भीती असते. संपूर्ण सिस्टिमची इमेज (हुबेहूब प्रत) बाह्य डिस्कवर घेऊन केबल काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फायली अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तावडीत सापडू शकते. आणखी एक प्रत गावच्या घरी किंवा क्लाउडवर असावी. बाह्य डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी. फॅट३२मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.