भिंतीला आठवत नाही

पालघर जिल्ह्यातल्या मासवणच्या आसपास वारली घरात लग्न निघालं की सवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आत पालघट देवी. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायची, चौक पुन्हा काढायचा. भिंतीला काही आठवत नाही. आठवतं ते काढणाऱ्या बायकांना.

संगणकाच्या पडद्यावरची खिडकी मला या चौकावरून कळली. त्याआधी बरंच डोकं फोडून झालं होतं. सी भाषेत, एक्सलिब नावाची लायब्ररी वापरून, पहिली खिडकी उघडली, लगेच आत एक रेघ ओढली. खिडकी आली, रेघ गायब! चूक कुठलीच दाखवेना.

या वागण्याचं मूळ कुळात आहे. स्टॅनफर्डमध्ये व्ही नावाची कार्यप्रणाली होती. तिच्यासाठी पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी खिडक्यांची व्यवस्था रचली, तिचं नाव डब्ल्यू. तिच्यात आज्ञा दिली की उत्तर येईपर्यंत थांबावं लागे. एमआयटीच्या बॉब शाइफ्लर यांनी तिचा बराचसा कोड उचलला, हे थांबणं काढून टाकलं आणि १९ जून १९८४ रोजी नवी व्यवस्था सहकाऱ्यांना कळवली. नाव एक्स; माझी एक्सलिब याच एक्सशी बोलते. व्हीनंतर डब्ल्यू, डब्ल्यूनंतर एक्स. बारसं एवढ्यावरच उरकलं. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली, आणि आकडा तिथेच थांबला.

उत्तराची वाट न पाहण्याचा वेग मिळाला, पण माझी रेघ त्यातच गेली: खिडकी पडद्यावर येण्याआधीच ती पोचली होती आणि न उघडलेल्या खिडकीत काढलेलं कुणी सांभाळत नाही. दुसऱ्या खिडकीखाली झाकलेला भागही सांभाळायचा नाही, असंच तेव्हा ठरलं, कारण मेमरी महाग. १९८४ च्या मॅकिंटॉशची अख्खी मेमरी १२८ किलोबाइट. त्याच्या काळ्यापांढऱ्या पडद्याचं एकच चित्र त्यातले एकवीसेक खाई. प्रत्येक खिडकीची प्रत कोण ठेवणार? म्हणून भाग उघडा पडला की एक्स प्रोग्रामला ‘एक्सपोझ’ असा निरोप धाडतो: इथलं पुन्हा काढ. विंडोजमध्ये हेच काम डब्ल्यूएम-पेंट हा निरोप करतो.

२००४ पासून एक्समध्ये खिडक्यांची चित्रं बाजूला जपून ठेवायची सोय झाली. निरोप मात्र अजून येतो. तेव्हा पहिली रेघ ओढणाऱ्याने एवढं करावं: एक्सपोझ येईपर्यंत हात आवरावा, आणि येईल त्या प्रत्येक वेळी सगळं नव्याने काढावं.