पाण्यातली वीज काढली, मग पाण्यात उरलं काय?

बचत गटाचा हिशोब मिटला, हप्ते जमा झाले, की बैठकीत गप्पा रंगतात. त्यात आपल्या कर्जत-खालापूरकडे एक प्रश्न हमखास निघतो. खोपोलीत आणि भिवपुरीत पाण्यापासून वीज काढतात, मग तिथून पुढे येणारं पाणी निकस होतं का? ताकावरचं लोणी काढल्यावर खाली नुसतं ताक उरतं, तसं? एक म्हणते, कस जातोच. दुसरी म्हणते, छे, पाणी ते पाणीच. वाद तिथेच राहतो आणि सगळ्या स्वयंपाकाला घरी पळतात. आज हा वाद जरा पुढे नेऊ. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्या दगडी कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणावा लागे आणि धूर शहरावर पसरे. इकडे घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो-धो पाणी पडे. ते साठवून खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ साली वारले, काम पुढे त्यांच्या मुलांनी नेलं. १९१० साली कंपनी निघाली, १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर १९२२ साली चालू झालं. मुळशीच्या पाण्यावर आपल्याच जिल्ह्यातलं भिरा १९२७ साली.

आता वीजघरात होतं काय ते पाहू. घाटावरचं पाणी लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं. खाली ते बारीक तोंडातून धारेसारखं सुटतं आणि एका मोठ्या चाकावर आपटतं. चाकाच्या कडेला वाट्या बसवलेल्या असतात. वाटीवर धार बसली की चाक गरगर फिरतं, चाकाबरोबर वीज करणारं यंत्र फिरतं. पाणी चाकाला ढकलून बाजूला पडतं आणि नदीला मिळतं. त्यात काही घालत नाहीत, त्यातून काही गाळून घेत नाहीत.

मग वीज आली कुठून? पाण्याच्या उंचीतून. हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. भरलेला हंडा चढावरून आणताना मान दुखते ती कशाने? पाणी वर न्यायला जोर लागतो. पाणी खाली येताना तोच जोर परत देतं. समजा, १५ लिटरचा एक हंडा, असे ५० हंडे तुम्ही खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला नेले. स्वतःच्या अंगाचं वजन सोडा, नुसतं पाणी वर चढवायला जो जोर लागला, तो मोजला तर साधारण एक युनिट वीज भरते. एका युनिटवर नऊ वॅटचा दिवा शंभर तासांहून जास्त जळतो. तेच ५० हंडे पाणी वरून खाली आलं, की थोडी घट जाऊन जवळपास तेवढी वीज मिळते. घाटावर पाणी चढवायचं काम मात्र ऊन आणि ढग करतात. ते बिल पाठवत नाहीत.

म्हणजे ‘पाण्यातून काहीतरी जातं’ म्हणणारी बाई अर्धी बरोबर आहे. जोर जातोच. पण वीजघर नसतं तरी तो गेलाच असता. पावसाळ्यात घाटातले धबधबे दगडावर आपटतात, तेव्हा तो जोर आवाजात आणि उष्णतेत संपतो. इंग्लंडचे जेम्स ज्यूल यांनी १८४५ साली हिशोब मांडला होता, की नायगाराचं पाणी १६० फूट पडल्यावर फॅरनहाइटच्या एक पंचमांश अंशाने गरम होईल. तोच हिशोब आपल्या घाटाला लावला, तर ५०० मीटर पडणारं पाणी सेल्सिअसच्या एका अंशाहून थोडं जास्त तापेल. ती उष्णता व्हायच्या आधी चाक तो जोर उचलून घेतं, एवढंच.

आणि कस? भाताला लागतात मातीतली द्रव्यं, ऊन, हवा आणि पाणी. पाण्याची उंची भात खात नाही. पुरावा हवा तर कर्जतमध्येच बघा. भिवपुरीच्या वीजघरातून निघालेलं पाणी राजनाला कालव्याने शेतांना मिळतं आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. खोपोलीच्या पाण्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती राहते. एक गोष्ट मात्र खरी. धरणात पाणी थांबलं की गाळ तळाशी बसतो आणि पुढे येणारं पाणी निवळ असतं. तेव्हा कसाची काळजी करायची, तर विजेची नको, गाळाची आणि आपल्या शेतातल्या शेणखताची करा.

पण मैत्रिणींनो, या पाण्याचा आणखी एक प्रश्न आहे. वीज पाण्याचा कस नेत नाही, पण ती स्वतः कुठे गेली? ती आधी मुंबईला गेली, गिरण्यांना गेली. ज्या डोंगरातून तारा गेल्या, त्याच डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशकं लागली. राज्याचं विद्युत मंडळसुद्धा १९६० साली आलं. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाणार म्हटल्यावर १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण तरीही झालं. शिवाय घाटमाथ्यावरचं हे पाणी मुळात पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारं. ते वळवल्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी खळखळतं, आणि तिकडच्या शेतकऱ्याला ते आपलं वाटतं. त्यालाही चूक म्हणता येत नाही.

‘जोर किती गेला’ हे मोजता येतं, त्यावर भांडण नको, आकडेमोड करावी. ‘कुणाला किती मिळालं’ हेही मोजता येतं, पण ते मोजून थांबता येत नाही. न्याय काय, ते बसून ठरवावं लागतं. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले, की बोलणाऱ्या बाईला गप्प करणं सोपं जातं. ‘कस जातो म्हणतेस, तुला काय कळतं’ असं म्हटलं, की तिचा दुसरा प्रश्नही उडून जातो.

तेव्हा गटात असे प्रश्न निघाले की टाळू नका. पहिली बाई काय म्हणते ते लिहून घ्या, दुसरी काय म्हणते तेही. मग हंडा, लिटर, मीटर घेऊन बसा. व्याजाचा हिशोब आपण चोख करतो, तर पाण्याचा का नाही जमणार? भेटू पुढच्या भागात. नमस्कार.