आटे जुळेनात तेव्हा

जुनी मोटारसायकल घरच्या पडवीत उघडायची आणि मूळ रूपात पुन्हा उभी करायची, ही हौस आता आपल्याकडेही चांगली रुजली आहे. रंग आणि क्रोम यांचे काम बाहेर देता येते. खरी परीक्षा पहिला नट सोडवतानाच सुरू होते. समजा, १९६० च्या आसपासची मद्रासला बांधलेली बुलेट समोर आहे. एखाद्या नटाला १३ चा पाना बसतच नाही, १४ चा बसतो पण खुळखुळतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल! तो नट पाव इंची व्हिटवर्थ मापाचा असेल, तर त्याची समोरासमोरच्या बाजूंमधली रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर असते. आपल्या पेटीतल्या मिलिमीटरच्या पान्यांत हे माप सापडणार कसे?

बुलेटचे मूळ इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. १९५५ साली मद्रासला कंपनी निघाली आणि रेडिचचीच रेखाटने, पुढे तिथलीच यंत्रसामग्रीही इकडे आली. त्यांच्याबरोबर शंभर वर्षांचा आट्यांचा इतिहासही आला.

१८४० च्या आधी इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीचे आटे पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढणे हा केवळ योगायोग. जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७) या मँचेस्टरच्या यंत्रकाराने अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले आणि त्यांचा मध्यम काढला. १८४१ साली त्याने तो स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरावीक आटे. म्हणजे हा कोन कोणत्याही सिद्धान्तातून आलेला नाही, तो रूढ व्यवहाराची सरासरी आहे. आदर्श आकार शोधत बसला असता, तर कारखानदारांनी त्याचे ऐकले असते असे मला वाटत नाही. क्रिमियन युद्धात नव्वद तोफनौकांची इंजिने घाईने हवी होती. तेव्हा सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत करून घेऊन जोडता आले, ते या प्रमाणामुळेच.

अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. ६० अंशांचा कोन कंपासने कोणताही विद्यार्थी काढू शकतो. ५५ चा अचूक कोन कापून तपासणे कारागिराला जड जाते, हा त्याचा मुद्दा होता. दोन्ही देश आपापल्या आट्याला चिकटून राहिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतले, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे स्वतःच करावी लागली. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा सामाईक आटा मान्य केला.

ब्रिटिश मोटारसायकलींत मात्र घोळ आणखी वाढला होता. व्हिटवर्थचा मूळ आटा जाडा. पाव इंच व्यासाला इंचात २०. थरथरणाऱ्या यंत्रात तो ढिला होतो, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी बारीक आट्यांची बी.एस.एफ. मालिका आली, तीत पाव इंचाला २६ आटे, कोन तोच ५५. सायकलवाल्यांनी १९०२ मध्ये आपली वेगळी सी.ई.आय. मालिका काढली होती; तीतही पाव इंचाला २६ आटे, पण कोन ६०! मोटारसायकल ही सायकलचीच लेक, त्यामुळे तिच्यात दोन्ही नांदतात. नट बोटांनी चढतो, शंका येत नाही. पण उताराला उतार पुरता टेकत नाही, आणि आवळताना भार थोड्याशा धातूवर येऊन आटे जातात.

जाडा आटा अगदीच टाकाऊ ठरला नाही. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसणारे स्टड पाहावेत: पुष्कळदा आत जाणाऱ्या टोकाला जाडे आटे, नटाच्या टोकाला बारीक. मऊ धातूत प्रत्येक आट्याच्या मुळाशी जास्त धातू हवा, म्हणून ही योजना. वर्गात दाखवायला एवढा सोपा नमुना दुसरा नाही.

पान्यावरचा आकडाही फसवतो. व्हिटवर्थ पान्यावरचा ‘१/४’ म्हणजे जबड्याची रुंदी नव्हे, तर बोल्टचा व्यास. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून मापे टप्प्याटप्प्याने बदलली, तरी आपल्याकडचे फिटर पाव इंचाला ‘दोन सूत’च म्हणत राहिले, इंचाचे आठ सूत.

केसिंगमधले आटे गेलेच, तर जवळचा मार्ग म्हणजे भोक वाढवून मेट्रिक टॅप फिरवणे. गाडी त्याने चालेल. पण कापलेला धातू परत येत नाही, आणि पुढे ती गाडी उघडणाऱ्याला एक नवेच कोडे मिळते. त्याऐवजी त्याच मापाच्या तारेचे वेटोळे भोकात बसवून मूळ आटा राखता येतो. माझे मत या खटाटोपाच्या बाजूचे आहे, विशेषतः सगळे मूळ भाग शाबूत असलेल्या गाडीत.

त्याआधी मोजणी हवी. व्हर्नियरने व्यास घ्यावा, पट्टीवर बोल्ट ठेवून अर्ध्या इंचातले आटे मोजावेत. बोटांनी दोन-तीन फेरे सहज न जाणाऱ्या नटाला पाना लावू नये. पाव इंची नट मात्र सहज गेला तरी बोल्टावर २६ आट्यांची गेजची दोन्ही पाती, ५५ ची आणि ६० ची, आळीपाळीने टेकवून उजेडासमोर धरावीत. ज्या पात्याच्या फटीतून उजेड दिसत नाही, तो आपला आटा.