पोच्याचा नकाशा

ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. हादरे जाणवले म्हणून घरातली माणसं आधीच बाहेर पळाली होती, म्हणून वाचली. घराच्या जागी उरला तो कित्येक फूट खोल खड्डा. खाली इंग्रजी अमदानीतली भूमिगत खाण असल्याचं मग सांगितलं गेलं.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब जागोजागी सोडतात. कुठे खांब राहिला, कुठे पोकळी झाली, कुठे पाणी साठलंय, हे सगळं खाणीच्या नकाशावर चढवायचं काम सर्व्हेअरचं. त्यासाठी सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. झारखंडातल्या चासनाला खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी जुन्या खोदकामात साठलेलं पाणी आत घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून तर जुन्या खोदकामाचा नकाशा म्हटलं की खाणवाले दचकतात. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, वसाहतींत वाढलेल्या पोरांना हे निराळं सांगावं लागत नाही.

या नकाशाची एक गंमत आहे. घराचा नकाशा आधी निघतो, मग घर उभं राहतं. खाणीचा नकाशा मात्र खोदकामाच्या मागोमाग चालतो. जे आधीच झालंय ते मोजायचं आणि कागदावर उतरवायचं, कशासाठी, तर पन्नास वर्षांनी वरून जाणाऱ्याला खाली काय आहे ते कळावं म्हणून. तांत्रिक रेखाटनाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण कागदाकडून वस्तूकडे जाणाऱ्या वाटेचं कौतुक करतात. वस्तूकडून कागदाकडे येणारी ही उलटी वाट त्यांच्या लेखी कारकुनी. विमानाच्या दुरुस्तीचं सगळं रेखाटन याच उलट्या वाटेवरचं आहे, आणि माझ्या मते तिचं घराणं जास्त जुनं आहे.

घुग्घुसहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, नागपूरच्या मिहानमध्ये, विमानदुरुस्तीचे दोन प्रचंड हँगर आहेत. एअर इंडियाने बोइंगकडे 68 विमानांची मागणी नोंदवली, तेव्हाच्या करारात बोइंगने भारतात दुरुस्तीकेंद्र बांधून देण्याचं कबूल केलं होतं, त्यातून ते उभं राहिलं. 2015 पासून तिथे काम चालतं. आता समजा, सामान चढवणाऱ्या गाडीचा धक्का लागून विमानाच्या पोटाला पोचा पडला. इथे तंत्रज्ञाने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे पोचा मोजणं आणि कागदावर रेखाटणं; ठोकून सरळ करणं हा विचार फार पुढचा. लांबी, रुंदी, सर्वांत खोल जागेची खोली, जवळच्या रिव्हेटच्या ओळीपासूनचं अंतर, आतल्या कण्यापासूनचं अंतर. हे सगळं साध्या पेन्सिलीने, पट्टीशिवाय काढलेल्या रेखाटनात बसवायचं. पोच्याची खोली त्याच्या रुंदीच्या मानाने किती, यावर विमान आज उडेल की उभं राहील हे ठरतं. मर्यादा उत्पादकाच्या दुरुस्तीग्रंथात दिलेल्या असतात. मर्यादेबाहेर गेलं की हेच रेखाटन उत्पादकाच्या अभियंत्यांकडे जातं. ज्यांनी तो पोचा कधी पाहिलेला नाही, अशी माणसं त्या कागदावरून दुरुस्ती ठरवतात.

मोबाइलने फोटो का काढू नये? काढतातच. पण फोटोत जवळचं मोठं दिसतं, लांबचं बारीक, आणि उजेड बदलला की पोचाच नाहीसा होतो. शिवाय फोटो सगळंच सारख्या निष्ठेने दाखवतो, धुळीचा डाग आणि चीर यांत तो फरक करत नाही. रेखाटन करणाऱ्याला मात्र काय गाळायचं हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवताना तो नीट बघतो.

पोचा नेमका कुठे आहे हे सांगायची भाषाही मजेशीर. विमानाच्या नाकापुढे हवेतच एक शून्य कल्पिलेलं असतं; तिथपासून शेपटीकडे मोजत गेलं की मिळतं ते ‘स्टेशन’. मधल्या उभ्या पातळीपासून डावी-उजवीकडे मोजायची ती ‘बटक लाइन’. उंची मोजायची ती ‘वॉटर लाइन’. तीस हजार फुटांवरून उडणाऱ्या यंत्राला पाण्याची रेघ कशाला? कारण हे सगळं जहाजबांधणीतून आलंय.

आणि जहाज म्हटलं की आपल्याला मुंबईच्या गोदीत जावं लागतं. ब्रिटिश आरमाराला 1812 मध्ये सागवानी युद्धनौका हवी होती. (सागवान म्हटलं की आम्हाला गडचिरोलीतली आलापल्ली आठवते, पण हे सागवान मलबारचं.) बांधणार होते जमशेटजी बोमनजी वाडिया. नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून हिंदुस्थानकडे निघाले. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं आणि नकाशे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत काढून पाठवावी लागली आणि तोवर काम खोळंबून राहिलं. गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधणारे हात होते, लाकूड होतं, पण ‘लेडा’ वर्गाची नौका हवी म्हटल्यावर लेडाच्याच रेषा हव्या होत्या. अखेर 12 ऑक्टोबर 1817 रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे.

पण लेडाच्या त्या रेषा आल्या कुठून? फ्रेंचांची ‘हेबे’ नावाची नौका इंग्रजांनी 1782 मध्ये पकडली होती. तिची मापं घेतली, तिचा बाक कागदावर उतरवला आणि त्यावरून लेडा बेतली. म्हणजे मुंबईत आलेला नकाशा मुळात शत्रूच्या तयार जहाजावरून उलटा काढलेला. त्याची आणि नागपूरच्या हँगरमधल्या पोच्याच्या रेखाटनाची जात एकच.

जहाजाच्या रेषा मोठ्या माळ्याच्या जमिनीवर पूर्ण आकारात आखत, लवचीक पट्ट्या वजनांनी दाबून वळणं साधत. विमानवाल्यांनी ही आखणी तिच्या ‘लॉफ्टिंग’ या नावासकट उचलली. दुसऱ्या महायुद्धात रॉय लायमिंग या अमेरिकन अभियंत्याने मस्टँग विमानाची वळणं पट्टीऐवजी गणिती सूत्रांनी आखली, तेव्हा कुठे जमिनीवरच्या त्या रेषा आकड्यांत गेल्या.

विमानाच्या रेखाटनाचा दुसरा पूर्वज फ्रान्सचा. 1760 च्या दशकात मेझिएरच्या लष्करी विद्यालयात गास्पार मोंज नावाच्या तरुण आरेखकाला किल्ल्याच्या तटाचा एक प्रश्न दिला गेला. तट असा हवा की शत्रूचा मारा आत पोचू नये. याला लांबलचक आकडेमोड लागे. मोंजने तो भूमितीने इतका झटपट सोडवला की अधिकारी उत्तर बघायलाच तयार होईना. इतक्या लवकर कोणी आकडेमोड करूच शकत नाही म्हणे. पटल्यावर लष्कराने ही रीत गुपित ठेवली. ती छापून आली 1799 मध्ये. रीत अशी: एक आडवी पातळी, एक उभी पातळी, दोन्हींवर वस्तूचं दर्शन पाडायचं आणि मग उभी पातळी आडवी पाडून दोन्ही एकाच कागदावर आणायची.

आपल्याकडे ही विद्या किती खोल झिरपली आहे याची आपल्याला कल्पना नसते. आठवी-नववीत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना कर्तव्यभूमिती आणि घनभूमितीचे पेपर आठवत असतील. शंकूचं वरून दर्शन, समोरून दर्शन काढताना तुम्ही मोंजचाच गृहपाठ करत होता. आयटीआयला फिटर होणाऱ्या मुलालाही ड्रॉइंग चुकत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मिनी ड्राफ्टर पाठीवर टाकून लोकलमध्ये शिरणं हा तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

मोंजच्या रीतीची पुढे वाटणी झाली. वस्तू बघणारा आणि पडदा यांच्या मधोमध ठेवली, तर डावीकडून पाहिलेलं दर्शन उजवीकडे पडतं. दिवा डावीकडे ठेवला की सावली उजव्या भिंतीवर पडते तसं. हा पहिला कोन, युरोपचा. अमेरिकेने पडदा वस्तूच्या पुढ्यात, काचेसारखा ठेवला. डावीकडून पाहिलेलं डावीकडेच काढलं. हा तिसरा कोन. दोन्ही बरोबर. पण कुठला वापरलाय हे न बघता ड्रॉइंग वाचलं, तर डाव्या पंखाचं भोक उजव्या पंखाला पडतं. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत छाटलेल्या शंकूची छोटी खूण असते. ती पाहिल्याशिवाय पुढे वाचू नये, एवढं जरी नवशिक्याला पक्कं झालं तरी अर्धी लढाई जिंकली.

भारताने यात जरा हेलकावेच खाल्ले. 1955 आणि 1960 च्या भारतीय मानकांनी तिसरा कोन सांगितला, सत्तरच्या दशकातल्या सुधारणेत ज्याने त्याने ठरवावं असं झालं, आणि 1988 च्या पुस्तिकेने पहिला कोन पक्का केला. वडिलांनी एका कोनात शिकलेलं मुलाने दुसऱ्या कोनात शिकावं, असं झालं. महाराष्ट्रात तर हे दोन कोन दोन गावांत नांदतात. नाशिकजवळ ओझरला 1964 मध्ये मिग-21 साठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला. सोव्हिएत ड्रॉइंग रशियन अक्षरांत आणि पहिल्या कोनात. नागपूरला बोइंगची ड्रॉइंग इंग्रजीत, इंचांत आणि तिसऱ्या कोनात. दोन्हीकडे काम केलेला फिटर मला भेटला, तर मी त्याला चहा पाजून तासभर तरी सोडणार नाही.

प्रती काढण्याचा इतिहास थोडक्यात आटपतो. जॉन हर्शेलने 1842 मध्ये उन्हात निळा पडणारा कागद शोधला, त्यातून ‘ब्लू प्रिंट’ आली. नंतर अमोनियाच्या वासाची पांढरी प्रत आली. मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कापड ताणून शाईने रेषा उतरवणाऱ्या अनुरेखकांची पदं सरकारी जाहिरातींत अजून दिसतात.

भारतातली विमानाची ड्रॉइंग हाही दुरुस्तीतूनच वाढलेला प्रकार आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला सोबत घेऊन डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. अमेरिकन नकाशांवरून 1941 मध्ये हार्लो जातीचं पहिलं विमान जुळवलं. पण 1943 पासून महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकी हवाई दलाने तिथे दुरुस्तीचा तळच केला. मोडकी विमानं येत, उघडली जात, तपासली जात, उडून जात. स्वतःचं विमान आखण्याआधी त्या कारखान्याने दुसऱ्यांची विमानं आतून पाहून घेतली. मग विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-2 हे शिकाऊ विमान आखलं आणि 1951 मध्ये ते उडालं. घाटगे कोल्हापूरकडचे, ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली 1936 मध्ये डॉक्टरेट झालेले. मुंबईच्या चौपाटीवर शिवकर तळपदेंनी विमान उडवल्याची गोष्ट ज्या घरात सांगतात, तिथे घाटगेंचं नाव क्वचित निघतं, याचं मला वाईट वाटतं.

त्याच बंगळुरूला विमानांची आणखी काही ड्रॉइंग निघाली होती. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली रुक्म, शकुन वगैरे विमानांची चित्रं 1923 मध्ये एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. हात सफाईदार, रेषा नेटक्या. भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ती तपासली तेव्हा ही यानं उडूच शकणार नाहीत असा निष्कर्ष निघाला. चित्रांत आधुनिक यंत्रांचे अवयव कसे आले याचा उलगडाही झाला, आरेखक स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयातला होता. पोथीतल्या वर्णनाला त्याने आपल्या ओळखीची यंत्रं दिली. या ड्रॉइंगमध्ये काय कमी होतं? समोर वस्तू नव्हती. चूक झाली तर हाताला लागणारं काहीच नव्हतं.

याच्या उलट प्रकार जास्त भयंकर. 2 जून 1978 रोजी ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग 747 ची शेपटी धावपट्टीला घासली. मागच्या बाजूची, केबिनमधला हवेचा दाब अडवणारी भिंत दुरुस्त करावी लागली. ठरलेल्या दुरुस्तीत जोडाखाली एक अखंड पट्टी होती, म्हणजे ताण रिव्हेटच्या दोन ओळींवर वाटला जाई. बोइंगच्याच दुरुस्तीपथकाने प्रत्यक्षात पट्टी दोन तुकड्यांत बसवली आणि सगळा ताण एका ओळीवर आला. वरून बघताना फरक कळत नव्हता. विमान सात वर्षं उडत राहिलं. 12 ऑगस्ट 1985 रोजी भिंत फाटली, शेपटीचा मोठा भाग उडाला, नियंत्रणाचं तेल वाहून गेलं आणि 520 माणसं गेली. कागदावर काढलेलं आणि धातूत बसलेलं एक आहे का, हे पाहण्याला पर्याय नाही. कागद बरोबर होता, एवढ्याने कोणी वाचलं नाही.

आता बोइंग 777 सारखं विमान सगळंच्या सगळं संगणकावर आखतात. 1994 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. दुरुस्तीग्रंथ पडद्यावर आले. तरी भारतात विमानदेखभालीच्या अभियंत्याचा परवाना हवा असेल तर अभ्यासक्रमाच्या सातव्या भागात ड्रॉइंगचे प्रकार, खुणा, मापांतली सूट, दर्शनांच्या रीती आणि कोपऱ्यातली चौकट वाचणं हे अजून अभ्यासावं लागतं. नव्या 787 चं अंग तर धातूऐवजी कार्बनतंतूंचं. धक्का बसला तरी बाहेरून पोचा दिसेलच असं नाही, आत थर सुटलेले असतात. नाणं ठोकून आवाज ऐकायचा, बद्द आवाज जिथे सुरू होतो तिथून जिथे संपतो तिथपर्यंत रेघ मारायची आणि मग ती रेघ स्टेशन आणि वॉटर लाइनसकट कागदावर घ्यायची.

प्रत्येक विमानाचा असा एक तक्ता असतो, जन्मापासून पडलेल्या सगळ्या पोच्यांचा. त्यात न दुरुस्त केलेले, मर्यादेत बसणारे पोचेही असतात. विमान भाड्याने गेलं, परत आलं, दुसऱ्या देशात विकलं गेलं, तरी तक्ता बरोबर जातो. घेणाऱ्याचा माणूस तो हातात धरून विमानाभोवती फिरतो आणि एकेक पोचा जुळवतो. तक्त्यात नसलेला एखादा सापडला, की व्यवहार तिथेच थांबतो. पोचा मोजून नवं रेखाटन झाल्याशिवाय पुढची सही होत नाही.