१९०५ ची फायनल, १९०७ चा निकाल

एप्रिल १९०७. आयर्लंडच्या दक्षिणेला टिपेरारी गावात हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल झाली. कॉर्क विरुद्ध किलकेनी. कॉर्कने ५-१० विरुद्ध ३-१३ असा सामना जिंकला, लोक घरी गेले आणि मग कागदावरचा खेळ सुरू झाला. किलकेनीने तक्रार केली की कॉर्कचा गोलकीपर डॅनियल मॅकार्थी ब्रिटिश लष्कराचा राखीव सैनिक आहे, नियमाप्रमाणे तो खेळूच शकत नाही. कॉर्कने उलट तक्रार टाकली की किलकेनीचा मॅट गार्गन याच स्पर्धेत आधी वॉटरफर्डकडून खेळलाय, मग तो कसा चालतो? शेवटी सामना परत खेळवायचं ठरलं. जूनच्या अखेरीस डंगारव्हनच्या मैदानावर किलकेनीने कॉर्कला ७-७ विरुद्ध २-९ असं धुतलं आणि अजिंक्यपद नेलं.

हे सगळं घडलं १९०७ मध्ये. पण हे अजिंक्यपद होतं १९०५ चं.

हर्लिंगशी माझी ओळख बहुतेकांसारखीच, रात्री दीड वाजता यूट्यूबने समोर टाकलेल्या एका क्लिपमधून झाली. पंधरा-पंधरा माणसं, हातात चपट्या लाकडी काठ्या, क्रिकेटच्या चेंडूएवढा चामड्याचा स्लिटर, तो हवेतच फटकावायचा, काठीवर तोलत पळायचं. हॉकी बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळं फाऊलच वाटतं. मग जुन्या विजेत्यांची यादी शोधली आणि सवयीने ती शीटमध्ये टाकली. एक कॉलम स्पर्धेच्या वर्षाचा, एक सामन्याच्या तारखेचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ओळी जुळेनात. १९०१ ची फायनल १९०३ मध्ये. १९०२ ची १९०४ मध्ये. १९०४ ची १९०६ मध्ये. आधी वाटलं डेटा खराब आहे, कोणीतरी कॉपी-पेस्ट करताना घोळ घातलाय. १८८८ ची ओळ तर कोरीच होती.

डेटा बरोबर होता. घोळ इतिहासातच होता, आणि हर्लिंगबद्दल मला जे काही कळलं ते बरंचसं त्या घोळामुळेच.

आधी स्कोअरचं बघू, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट, आणि एक गोल म्हणजे ३ पॉइंट. म्हणजे कॉर्कचे ५-१० हे २५, किलकेनीचे ३-१३ हे २२. हा हिशोबही एका दिवसात ठरला नाही. अगदी सुरुवातीला एक गोल कितीही पॉइंटांना भारी पडायचा, १८९२ मध्ये त्याची किंमत ५ पॉइंट झाली, १८९६ मध्ये ३. संघात आधी २१ माणसं असत, मग १७, आणि १९१३ पासून १५. १९१० ची फायनल वेक्सफर्डने लिमरिकविरुद्ध ७-० विरुद्ध ६-२ अशी जिंकली. एकही पॉइंट न मारता, एका पॉइंटाने!

हर्लिंग फार जुना खेळ आहे, पण त्याची संस्था १८८४ ची. मायकल क्युसॅक नावाच्या शाळामास्तराने १ नोव्हेंबरला थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मोजकी माणसं जमवली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, सुरू झाली. मॉरिस डेव्हिन अध्यक्ष झाला, आर्चबिशप क्रोक आश्रयदाते झाले. क्युसॅक प्रचंड उत्साही आणि तितकाच भांडकुदळ. दोन वर्षांच्या आत त्याला सचिवपदावरून काढलं. पुढे जेम्स जॉइसने ‘युलिसीस’मधला तो तारस्वरात बोलणारा ‘सिटिझन’ त्याच्यावरून बेतला. इतका सूड क्वचितच कोणावर उगवला गेला असेल.

कोरी राहिलेली १८८८ ची ओळ ही या संस्थेच्या हौसेची गोष्ट आहे. पैसे उभे करायचे म्हणून त्या वर्षी जीएएने आपल्या खेळाडूंचा जथाच अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. पैसे सुटले नाहीत, उलट कर्ज झालं. बरेच खेळाडू तिकडेच राहिले. इकडे स्पर्धा अर्धवट पडली ती पडलीच.

पुढच्या उशिरांची कारणं जास्त साधी आहेत. सामने फक्त रविवारी. खेळाडू बहुतेक शेतकरी, मजूर, दुकानात काम करणारे. संघ रेल्वेने जायचे, त्यामुळे मैदान असं हवं की दोन्हीकडून गाडी मिळेल. स्वतःच्या मालकीचं मध्यवर्ती मैदान नव्हतं. पाऊस तर होताच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तक्रारी. हरलेल्या संघाने तक्रार करायची हा जणू खेळाचा तिसरा हाफच होता. काउंटीची स्पर्धा तक्रारीत अडकली की प्रांताची अडकायची, प्रांताची अडकली की फायनल.

काउंटी म्हणताना जरा थांबायला हवं, कारण माझ्या शीटमधला तो कॉलमही दिशाभूल करणारा होता. त्या काळी काउंटीचा संघ असा वेगळा निवडला जात नसे. काउंटीतला विजेता क्लबच काउंटीच्या नावाने खेळायचा. १८९२ नंतर त्याला इतर क्लबांचे खेळाडू घ्यायची मुभा मिळाली, पण निवड आणि कप्तानपद विजेत्या क्लबकडेच. म्हणजे ‘कॉर्क, १९०२’ असं लिहिलंय तिथे खरं तर डंगर्नी नावाचं गाव आणि त्याचा कप्तान जेमसी केलहर आहे. क्लब म्हणजे बहुतेक ठिकाणी एक पॅरिश, एका चर्चच्या आजूबाजूची वस्ती. काउंटीच्या नावामागे नेहमी एखादं गाव असायचं, आणि ते गाव शेजारच्या गावाला पाण्यात बघायचं.

किलकेनीचंच घ्या. १९०४ पर्यंत या काउंटीकडे एकही अजिंक्यपद नव्हतं. १९०४ ते १९१३ या दहा स्पर्धांत त्यांनी सात जिंकली. त्यात १९०४, १९०७ आणि १९१२ या तिन्ही फायनल कॉर्कविरुद्ध आणि तिन्ही एकेका पॉइंटाने. पण हे ‘ते’ म्हणजे कोण? कधी काउंटीच्या वायव्येकडचं टुलारोन, कधी दक्षिणेला शुअर नदीजवळचं मूनकॉइन. टुलारोनचा सिम वॉल्टन १९११ आणि १९१२ ला कप्तान. मूनकॉइनचा डिक वॉल्श, ज्याला सगळे ‘ड्रग’ वॉल्श म्हणायचे, तो १९०७, १९०९ आणि १९१३ ला. एका वर्षी हा त्याच्या हाताखाली, पुढे तो याच्या. हे दोघं, मूनकॉइनचाच डिक डॉइल आणि बचावातला जॅक रॉचफर्ड या चौघांनी सातही पदकं मिळवली. घरच्या स्पर्धेत एकमेकांचं तोंड न बघणारी गावं काउंटीच्या जर्सीत एकत्र यायची, हे मला त्या सात विजयांपेक्षा जास्त अवघड वाटतं.

त्या सातांतलं १९११ चं अजिंक्यपद फायनल न खेळता मिळालं. सामना कॉर्कला होता, मैदानात पाणी साचलं म्हणून रद्द झाला. नवीन ठिकाण थर्ल्स ठरलं. लिमरिक म्हणालं, खेळू तर कॉर्कलाच. नाही म्हणजे नाही. शेवटी अजिंक्यपद किलकेनीला बहाल झालं. त्यांनी मग टिपेरारीशी बदली सामना खेळून तो जिंकला, बहुधा नुसतं कागदावर जिंकणं त्यांनाही बोचलं असावं.

१९०१ च्या ओळीत तर विजेता म्हणून लंडन लिहिलंय. ही टायपिंगची चूक नाही. लंडनमधल्या आयरिश चाकरमान्यांचा संघ त्या काही वर्षांत थेट फायनलला उतरायचा. १९०३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी डब्लिनला येऊन कॉर्कला १-५ विरुद्ध ०-४ असं हरवलं. पुढच्या वेळी कॉर्कने उट्टं काढलं. स्कोअर होता ३-१३ विरुद्ध ०-०.

आता परत त्या गोलकीपरकडे. त्याच्यावरचा आक्षेप खेळाबद्दल नव्हताच. जीएएचे दोन नियम होते, दोन्हींना लोक ‘बॅन’ म्हणायचे. एक, ब्रिटिश सैन्यात किंवा पोलिसांत असलेला माणूस सभासद होऊ शकत नाही. दोन, क्रिकेट, रग्बी, फुटबॉल, हॉकी असे ‘परके’ खेळ खेळणारा सभासद राहू शकत नाही. हे नियम मध्ये सैल झाले होते, विसाव्या शतकाच्या तोंडावर परत आवळले गेले. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पोलीस जीएएकडे बंडखोरांचा अड्डा म्हणूनच बघत होते आणि पाळत ठेवत होते. अड्डा होताही थोडाफार. पाळत ठेवणाऱ्यालाच संघात कोण घेईल?

पण राखीव सैनिक म्हणजे पाळत ठेवणारा नव्हे. आयर्लंडच्या गावांमधली गरीब पोरं पगारासाठी सैन्यात जायची, मुदत संपली की घरी येऊन राखीव यादीत राहायची आणि त्याचे थोडे पैसे मिळायचे. नियम लिहिणाऱ्यांना आपला आणि परका यांच्यात सरळ रेघ हवी होती, आणि ती रेघ एखाद्याच्या पोटापाण्यावरून जात होती. मला या प्रकरणात किलकेनीचा राग येतो. त्यांना राष्ट्राची चिंता होती असं मला वाटत नाही, त्यांना सामना परत हवा होता. ओळख तपासणारा नियम एकदा हाताशी आला की तो हरलेल्याच्या कामी येतो. हे नियम टिकले मात्र भरपूर. १९३८ मध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलचा सामना बघायला गेले म्हणून जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. परक्या खेळांवरची बंदी १९७१ ला उठली, सैनिक-पोलिसांवरची २००१ ला.

स्वतःचं मैदान जीएएला १९१३ मध्ये मिळालं, तेही एका माणसाच्या जिद्दीमुळे. डब्लिनमधल्या जोन्स रोडवरची जागा फ्रँक डिनीन याने १९०८ मध्ये कर्ज काढून स्वतःच्या नावावर घेऊन ठेवली होती. आर्चबिशप क्रोक यांच्या स्मारकासाठी १९१३ मध्ये स्पर्धा भरवली, तिला अपेक्षेबाहेर गर्दी झाली, आणि उरलेल्या पैशांतून ३,५०० पौंडांना ती जागा घेतली. तेच आजचं क्रोक पार्क. त्या स्मारक स्पर्धेच्या हर्लिंग फायनलमध्ये टूमेव्हारा गावाच्या खेळाडूंनी भरलेल्या टिपेरारीने किलकेनीचा फडशा पाडला. ‘वेजर’ माहर त्यांचा कप्तान. नोव्हेंबरमध्ये ऑल-आयर्लंड फायनलला तेच दोन संघ परत समोर आले आणि ड्रग वॉल्शच्या किलकेनीने २-४ विरुद्ध १-२ असा सामना काढला. तो किलकेनीचा सातवा.

मैदान मिळालं, तारखा जुळायला लागल्या, आणि मग महायुद्ध आलं आणि पाठोपाठ बंड. १९१८ च्या जुलैमध्ये सरकारने परवान्याशिवाय सार्वजनिक सामने भरवायला मनाई केली. जीएएने क्लबांना कळवलं, परवाना कोणीही मागायचा नाही. ४ ऑगस्टला, रविवारी दुपारी ३ वाजता, देशभर एकाच वेळी सामने खेळायचे ठरलं, सुमारे १,५००. इतक्या ठिकाणी पोलीस पाठवायचे तरी किती? पुढच्या वर्षी सैनिकांनी कॉर्क काउंटी बोर्डाच्या कचेरीवर छापा घातला आणि संघाच्या निळ्या जर्सी उचलून नेल्या. ऐनवेळी एका दारूबंदी मंडळाच्या जुन्या लाल जर्सी मागून आणल्या. त्या घालून कॉर्कने १९१९ ची फायनल जिंकली, आणि लाल रंग आजतागायत त्यांचाच आहे. मॅकार्थीने सैन्याशी नातं ठेवलं म्हणून कॉर्कचं अजिंक्यपद गेलं होतं, आता सैन्यच त्यांचे कपडे घेऊन गेलं.

२१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कवर डब्लिन आणि टिपेरारीचा गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना सरकारी दलांनी गोळीबार केला. १४ माणसं गेली, त्यात टिपेरारीचा खेळाडू मायकल होगन. त्यानंतर माझ्या शीटमधल्या तारखा पुन्हा घसरतात. १९२० ची हर्लिंग फायनल मे १९२२ मध्ये झाली.

सप्टेंबर १९२१ मधला, युद्धबंदीच्या काळातला एक प्रसिद्ध फोटो आहे. क्रोक पार्कवर लेन्स्टर प्रांताच्या हर्लिंग फायनलला, डब्लिन आणि किलकेनीच्या सामन्याला, मायकल कॉलिन्स मैदानात उतरलाय. लंडनला नोकरीत असताना तोही हर्लिंग खेळायचा. पुढच्या ऑगस्टमध्ये यादवी युद्धात तो मारला गेला. त्याचा एकेकाळचा जिवलग हॅरी बोलंड, डब्लिनच्या हर्लिंगमधला माणूस, तिथल्या काउंटी बोर्डाचा माजी अध्यक्ष, त्याच महिन्यात विरुद्ध बाजूने लढताना गेला होता.

कॉलिन्स ज्या स्पर्धेच्या सामन्याला आला होता ती पूर्ण व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. फायनलला डब्लिन आणि लिमरिक आले. विजेत्यासाठी नवा चांदीचा चषक होता, लंडनमध्ये जन्मलेल्या, तिथल्या जीएएचा कारभार बघणाऱ्या लियम मॅकार्थी याच्या नावाचा. लिमरिकने ८-५ विरुद्ध ३-२ असा सामना जिंकला आणि कप्तान बॉब मॅकॉन्कीने तो चषक पहिल्यांदा उचलला. यादवी अजून संपली नव्हती. वर्षाच्या कॉलममध्ये १९२१ आहे, तारखेच्या कॉलममध्ये ४ मार्च १९२३.